आधी बीपी, मग भूल

महापालिकेच्या रुग्णालयात भूलशास्त्र शिकत असताना कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं की डोक्यात पहिला विचार असायचा, श्वासाची नळी घालण्याआधी भुलीचं औषध कुठलं? थिएटरमध्ये हाताला प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाची सवय. तिथला पेशंट उपाशीपोटी आलेला, तपासलेला असतो. लोकलमधून पडलेल्या माणसाचं पोट भरलेलं, रक्त वाहून गेलेलं आणि मानेला कॉलर. त्याला प्रोपोफॉलचा नेहमीचा डोस दिला तर बीपी कोसळतं. मिडाझोलामनेही ते उतरतं, शिवाय असर यायला वेळ लागतो. एटोमिडेट बीपीला जपतं, पण एकाच डोसनंतर काही तास शरीरात कॉर्टिसॉल हे ताण पेलायला लागणारं संप्रेरक नीट तयार होत नाही.

केटामाइन हे भुलीचं आणखी एक औषध डोक्याला मार असताना द्यायचं नाही, मेंदूवरचा दाब वाढतो, असं आम्ही पाठ केलं होतं. पुढच्या अभ्यासांत ही भीती टिकलेली नाही. अशा पेशंटचं वरचं बीपी ९० च्या खाली जाणं मात्र खरोखर घातक. केटामाइन सहसा बीपी टिकवतं, त्यामुळे मी बहुतेक वेळा तेच निवडते.

पण निवड झाली म्हणजे काम झालं नाही, हे मला एका तरुणाने शिकवलं. मांडीपासून पाय चिरडलेला, वजन साधारण ६० किलो, बीपी ८०, नाडी १३०. मी औषध भरायला घेतलं तशा सीनियर मॅडम म्हणाल्या, "थांब गं, आधी रक्त चालू होऊ दे." वॉर्डबॉय मामा रक्तपेढीतून पिशव्या घेऊन धावत आले. रक्त चढत असताना मी २ मिली, म्हणजे १०० मिलिग्रॅम केटामाइनमध्ये ८ मिली सलाईन मिसळलं, म्हणजे मिलीला १० मिलिग्रॅम. शॉकमध्ये, म्हणजे रक्त जाऊन बीपी कोसळलेलं असताना, भुलीचा डोस निम्मा किंवा त्याहूनही कमी, कारण अंगातलं अॅड्रिनॅलिन संपत आलेलं असेल तर केटामाइनही बीपी पाडतं. त्याला ३ मिली पुरलं. स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम मात्र भरपूर, ८० मिलिग्रॅम, कारण रक्ताभिसरण मंद असलं की स्नायू सैल पडायला उशीर लागतो.

श्वासाची ट्यूब पहिल्याच प्रयत्नात गेली, आणि सगळे सीटी स्कॅनच्या धावपळीला लागले. माझ्या मते सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. केटामाइन दहा-पंधरा मिनिटांत उतरू लागतं, रोक्युरोनियम तासभर टिकतं. मधल्या वेळात माणूस जागा असू शकतो, दुखतंय हे बोटही न हलवता सोसत. म्हणून बीपी जरा सावरताच मी फेंटानिल या वेदनाशामकाचे आणि केटामाइनचे छोटे डोस चालू केले, आणि सिस्टरना सांगितलं, "वेळ लिहून ठेवा, स्कॅनला नेतानाही सिरिंज सोबत हवी."