बाहेरून कडी, आत उतू जाणारं दूध

मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प मिळाला: थ्रिलर चित्रपटाची फक्त सुरुवात करायची. दोन मिनिटं, श्रेयनामावलीसकट. पुढचा चित्रपट करायचा नाही, पण तो कुठेतरी पूर्ण तयार आहे असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे.

पहिल्या बैठकीत आलेल्या जवळजवळ सगळ्या कल्पना खुनाने सुरू होत होत्या. कात्रजच्या घाटात बंद पडलेली गाडी, हूडी घातलेला माणूस, बाथरूममधलं रक्त. माझं म्हणणं होतं की दोन मिनिटांत खून दाखवला तर बघणाऱ्याच्या हातात घटना पडते, त्याच्या डोक्यात काही राहत नाही. सुरुवातीने एकच प्रश्न विचारावा आणि तो विचारून झाला की थांबावं. बऱ्याच वादानंतर जी कल्पना उरली ती एवढीच होती: एक मुलगी रात्री आपल्या खोलीवर परतते, दाराला तिनेच सकाळी घातलेलं कुलूप तसंच आहे, आणि आत गॅसवर दूध उकळतंय.

जागा पुण्यात नारायण पेठेत मिळाली. गटातल्या एकाच्या आत्याची जुन्या वाड्यातली माडीवरची खोली. दिंडी दरवाज्यातून आत आलं की चौक, चौकात सामायिक नळ, कोपऱ्यातून अंधारा लाकडी जिना आणि वर अरुंद बोळासारखी गॅलरी. दाराला लोखंडी कडी-कोयंडा. आत्यांनी होकार दिला, पण वाडा सगळ्यांचा, म्हणून आम्ही प्रत्येक बिऱ्हाडाला जाऊन वेळा सांगितल्या. वाड्याबाहेरच्या बोळातही ट्रायपॉड लावायचा होता, म्हणून जवळच्या पोलीस चौकीत कॉलेजच्या लेटरहेडवर पत्रही दिलं. विद्यार्थ्यांनी ही पायरी टाळू नये. शेजारी आपल्या बाजूचे असतील तर ते नळ बंद करतात, टीव्ही बारीक करतात आणि दिंडीपाशी स्कूटर आली की वर हाकही मारतात.

खालच्या बिऱ्हाडातल्या आजींना गोष्ट सांगत होते तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवलं. “अगं, दूध उतू जाण्यात भिण्यासारखं काय आहे? वास्तुशांतीला मुद्दाम घालवतात. घर भरलेलं राहावं म्हणून.”

मी विचारलं, “म्हणजे आजी, कुणी नवीन राहायला आलं की?”

“हो तर. आधी देव, मग दूध.”

तिथे आमची पटकथा बदलली. तोपर्यंत दूध ही नुसती विचित्र गोष्ट होती. आता त्याला अर्थ आला: मुलगी बाहेर असताना तिच्या बंद खोलीत कुणीतरी रीतसर गृहप्रवेश केला आहे. आम्ही पातेल्यावर हळदकुंकवाची बोटं ओढायचं ठरवलं. मराठी घरात वाढलेल्या माणसाला ती बोटं दिसल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही. जे मंगल आहे तेच चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी दिसलं की अंगावर काटा येतो, आणि त्यासाठी सुरी लागत नाही.

पटकथा अर्ध्या पानाची झाली. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब ढोबळ असतो. आमच्या मुलीला एकही वाक्य नव्हतं, आणि तेवढंच अर्धं पान दोन मिनिटांच्या वर जात होतं. हे कळलं ते स्टोरीबोर्डमुळे, म्हणजे प्रत्येक शॉटच्या चित्रांच्या ओळीमुळे. आम्ही कुणीच चांगली चित्रं काढत नाही, म्हणून वाड्यातच मोबाइलवर एकेका फ्रेमचा फोटो काढला आणि ते फोटो संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर ओळीने लावून खाली पावलांचे आणि कुलपाचे कच्चे आवाज टाकले. शूटिंगच्या आधीच दिसलं की जिन्यावरचे तीन शॉट एकच काम करतायत. दोन गेले. त्याच फोटोंवरून आम्ही दिशाही पक्की केली. मुलगी गॅलरीत डावीकडून उजवीकडे चालत येते, तर तिचा चेहरा आणि दार दोन्ही शॉट एकाच बाजूने घ्यायचे. तिच्यात आणि दारात जी काल्पनिक रेषा असते ती कॅमेऱ्याने ओलांडली की पडद्यावर ती दाराकडे पाठ फिरवून निघाल्यासारखी दिसते. अरुंद गॅलरीत हे सांभाळायला कॅमेरा कठड्याला अगदी चिकटवून ठेवावा लागला.

आमची कॅमेरा सांभाळणारी मैत्रीण सेकंदाला 25 फ्रेम आणि प्रत्येक फ्रेमला एक पन्नासांश सेकंद उघडं राहणारं शटर यावर अडून बसली होती, आणि तिचं बरोबर होतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. एक पन्नासांश सेकंदात असे दोन पूर्ण हेलकावे बसतात, त्यामुळे चित्रात पट्टे सरकत नाहीत. हळू गतीसाठी 50 फ्रेमवर गेलो तेव्हा शटर एक शतांश केलं. त्यात एक पूर्ण हेलकावा बसतो. दिवे मोठे नव्हतेच. तपकीर गल्लीतून पिवळे बल्ब, होल्डर आणि वायर आणली. खोलीत बल्बचा पिवळा उजेड, गॅलरीत पांढऱ्या एलईडीचा निळसर. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा मानायचा ते, 3200 केल्विनवर ठेवला की हा फरक आपोआप उठून दिसतो आणि दाराखालची पिवळी फट लांबूनच नजर ओढून घेते. त्या फटीसाठी बल्ब आत जमिनीवर ठेवून बाजूंना काळा कागद लावला होता.

आवाज हा मात्र सगळ्यात मोठा प्रश्न होता. पावसाळ्याचे दिवस, गणपती जवळ आलेले, आणि नदीपात्रात ढोलपथकांचा सराव. संध्याकाळी नारायण पेठेत कुठेही माइक उघडा, ढोल येणारच. सराव संपेपर्यंत थांबून रात्री उशिरा शूटिंग करावं, असं आधी ठरत होतं. मग आमच्या आवाजवाल्या मित्राने विचारलं, ढोल टाळायचा कशाला? रात्री दहाच्या सुमारास तो थांबतो. तो थांबतो त्या क्षणी गावाला काय ऐकू येतं?

आमच्या दोन मिनिटांचा सांगाडा त्या प्रश्नातून उभा राहिला. मुलगी जिना चढते, नावं येत-जात राहतात, लांबून ढोल चालू असतो. पुण्यात त्या दिवसांत तो आवाज इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याची दखल कुणी घेत नाही. ती कुलपाला किल्ली लावते आणि ढोल थांबतो. आणि तेव्हाच कळतं की दाराआडून एक बारीक, सलग फुसफुस येतेय. गॅसची. ती आवाजात आधीपासून होती, ढोलाखाली दबलेली. दार उघडण्याआधी प्रेक्षकाला आतलं ऐकू यायला हवं, हे आम्ही कागदावरच लिहून ठेवलं होतं.

ढोल दोन्हीकडून रेकॉर्ड केला. भिडे पुलाजवळ पथकाला विचारून अगदी जवळून, आणि वाड्याच्या गॅलरीतून लांबून. जवळच्या रेकॉर्डिंगमधला ताशाचा कडकडाट कापून ते लांबचं वाटतं का पाहिलं. वाटलं, पण त्यात भिंतींवरून फिरून आलेला घुमारा नव्हता. गॅलरीतलंच वापरलं. शिवाय खोलीची नुसती शांतता मिनिटभर घेऊन ठेवली. शांतता प्रत्येक जागेची वेगळी असते आणि संकलनात दोन आवाजांमधला सांधा तीच भरते.

मुलीचं काम करणारी मैत्रीण पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींमधून वेळ काढून आली होती. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असल्यामुळे भीती आधी तिच्या चेहऱ्यावर पूर्ण यायची. मी तिला भीती दाखवू नकोस असं सांगण्याऐवजी कामं दिली: पिशवीत किल्ली शोध, हात ओला आहे तो ओढणीला पूस, कुलूप धर. फुसफुस ऐकू आल्यावर फक्त हात थांबव. तिचा थांबलेला हात हा मला आमच्या अख्ख्या कामातला सर्वांत आवडता शॉट वाटतो.

आणि दूध. पाणी उकळत राहतं. दूध तसं राहत नाही. त्यातली प्रथिनं आणि वरची साय बुडबुडे फुटू देत नाहीत, वाफ खाली कोंडते आणि सगळं एकदम वर चढतं. म्हणजे बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग जे घडतं ते काही सेकंदांत संपतं. आम्ही दूध आजींच्या शेगडीवर उकळीला आणून ठेवायचो आणि मग आमच्या पातेल्यात ओतायचो, म्हणजे चढायला फार वेळ लागत नसे. कॅमेरा वरून लावला की भिंगावर वाफ धरायची, म्हणून 85 मिलिमीटरची लेन्स लावून बाजूने, लांबून घेतलं. पांढरं दूध उजेडात सपाट, तपशील नसलेलं दिसतं; बल्ब एका अंगाला आणून प्रकाश बराच कमी केल्यावर सायीच्या सुरकुत्या दिसायला लागल्या. हळदकुंकू गंधासारखं कालवून लावलं होतं, ते तापलं की वाळून पडायचं. दर टेकनंतर पातेलं घासून, आधीचा फोटो समोर धरून, बोटं पुन्हा त्याच जागी ओढायची. लाकडी वाड्यात आग पेटती ठेवायची तर ओलं फडकं, पाण्याची बादली आणि रेग्युलेटरपाशी एक माणूस कायम. दाराबाहेरचे शॉट गॅस बंद ठेवूनच घेतले आणि आत माणूस असताना कुलूप कधीही लावलं नाही, नुसतं कोयंड्यात अडकवलं. जे दूध सांडलं नाही त्याचा आजींनी सगळ्यांना आटीव चहा केला.

संकलनात एकच मोठा वाद झाला: दूध सांडताना दाखवायचं का? मला ते चढताना दाखवून थांबायचं होतं. बोटं दिसतात, साय फुगते, मुलगी जागची हलत नाही, पडदा काळा होतो आणि नाव येतं. ज्वाळेवर दूध पडल्याचा चर्र आवाज त्या काळ्यावर. शेवटी तसंच ठेवलं. नावांच्या पाट्या देवनागरीत हव्या होत्या आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटत होती, पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जात होती. मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडल्यावर ती जुळली. देवनागरीत पाट्या करणाऱ्यांनी हे आधी तपासावं; नाहीतर पाट्यांची चित्रं करून ती टाकायची वेळ येते.

वर्गात दाखवलं तेव्हा शेवटच्या चर्रनंतर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “पण तिच्या खोलीत राहायला कोण आलंय?” आम्ही पटकथेच्या पानावर, अगदी वरती, हाच प्रश्न याच शब्दांत लिहिला होता. त्याचं उत्तर आता लिहायला घेतलंय. दिवाळीच्या सुट्टीत उरलेला लघुपट पूर्ण करायचा विचार आहे, आणि आत्यांनी खोली तोवर तशीच ठेवायचं कबूल केलंय.