पाणी खालून आलं

सकाळी सहाला काकांचा फोन आला. रात्रभर पाऊस कोसळत होता, मी जागाच होतो. "मागीलदारचे ब्लॉक पायाखाली पचपच करतायत. आणि गडग्यानं पोट काढलंय, तू ये."

'पोट काढलंय', म्हणजे भिंत फुगलीय, हे ऐकलं आणि चहा तसाच ठेवून मी गाडी काढली.

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतलं हे घर. डोंगराच्या उतारात जागा कापून बसवलेलं, कौलारू, दोन फूट उंच जांभ्याच्या जोत्याचं. मागीलदार, म्हणजे घरामागचं अंगण, ३६ फूट लांब, २० फूट रुंद आणि सगळा उतार घराकडे. पलीकडच्या टोकाला डोंगराची कापलेली माती आणि ती धरून ठेवणारा पाच फुटी चिऱ्यांचा गडगा. काकूंचा आदल्या श्रावणात तिथं शेवाळावर पाय घसरला आणि मनगट मोडलं. त्यामुळे निवृत्तीनंतर गावी आल्यावर काकांनी पहिलं काम काढलं ते मागीलदार फरसबंद करायचं, आणि ते माझ्याकडे दिलं.

पावसाचा हिशोब मी मनापासून केला होता. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण गटाराचं माप वर्षाच्या पावसावर ठरत नाही, तासाच्या पावसावर ठरतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मागीलदार ६७ चौरस मीटर, त्यावर पागोळ्या सोडणारं मागचं छप्पर साधारण ४५. तासाला ६० मिलिमीटरची सर धरली तर ६,७०० लिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन लिटर. जोत्यालगत चार फुटांची पट्टी घेऊन तिला घरापासून लांब जाणारा ढाळ दिला, १ ला ५०, म्हणजे पन्नास फुटांना एक फूट. उरलेल्या सोळा फुटांचा ढाळ घराकडे, १ ला ४०. दोन्ही ढाळ मिळतात तिथं जाळीचं गटार, त्याला १ ला १०० उतार, टोकाला गाळ बसायला चेंबर आणि पुढे १६० मिलिमीटरचा पाइप थेट पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. शेजाऱ्यांच्या पोफळीत पाणी सोडणं सोपं होतं, पण पाणी असं दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं मला पटत नाही. चाळीस फूट जास्त पाइप घालून ते पऱ्यापर्यंत नेलं.

हे सगळं बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. चूक दुसरीकडे झाली होती.

जमीन मूळची डोंगराकडे दोन फूट चढी. १ ला ४० चा ढाळ साधायचा तर गडग्यापाशी दीड फूट माती काढावी लागत होती, ती मे महिन्यात जेसीबीनं काढली. शेवटच्या खेपेला बकेटमध्ये पांढरट, साबणासारखी माती आली. शेडी. मी ती हातात घेऊन चुरलीही होती. तेव्हा ती कोरडी ठणठणीत होती. गवंडीदादा म्हणाले, "भाऊ, शेडी लागली." मी "हो" म्हटलं आणि लाइनदोरी लावायला लागलो.

दुसरी गोष्ट गडग्याची. तो सुका रचलेला, चिऱ्यांत फटी. काकूंचं म्हणणं, फटींत जनावर, म्हणजे साप, राहतं, नातवंडं सुट्टीत तिथं खेळतात, फटी बुजवून टाका. मागणी रास्तच होती. आम्ही सगळा गडगा सिमेंटनं दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरून चकचकीत केला आणि पाणी निघायला वर तेवढी चार भोकं ठेवली.

जून निर्विघ्न गेला. पहिल्या सरींत मी मुद्दाम छत्री घेऊन जाऊन उभा राहिलो, ब्लॉकवर कुठे थेंब थांबत नव्हता. काका खूश, मीही. आता कळतं की जूनमधली ती परीक्षा अपुरी होती. जूनचा पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते. जुलैत तिचं पोट भरतं आणि मग ती उपळायला, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर सोडायला, लागते. जांभा सच्छिद्र, तो पाणी खाली सोडतो. त्याच्या खालची शेडी पाणी पुढे जाऊ देत नाही. मग ते पाणी दोन थरांच्या मधून आडवं चालत उताराकडे येतं आणि जिथं वाट मिळेल तिथं फुटतं. आमच्या विहिरी आणि झरे त्यावरच जगतात. ती वाट मी स्वतः जेसीबीनं उघडली होती, वर पेव्हर ब्लॉक दाबले होते आणि गडग्याच्या फटी बुजवल्या होत्या.

पोचलो तेव्हा गडग्याच्या मधोमध सहा-सात फुटांचा भाग तीन बोटं पुढे आला होता. दर्जाला उभी चीर. पायथ्याशी ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं आणि त्याबरोबर खालची बारीक कच बाहेर पडून छोटे ढीग जमले होते. मधलं जाळीचं गटार मात्र सुरेख वाहत होतं. काकांना वाटत होतं, गटार तुंबून पाणी मागे फिरलंय. क्षणभर मलाही तसंच वाटावंसं वाटलं, कारण तुंबलेलं गटार साफ करता येतं.

साडेआठच्या सुमाराला पाऊस थांबला. दहा मिनिटांत पागोळ्या थांबल्या, पाठोपाठ गटारात येणारी धार आटली. सांध्यांतलं पाणी तसंच येत राहिलं, तेवढंच, त्याच जोरानं. अर्धा तास मी बघत उभा होतो. गवंडीदादाही तोवर आले होते. खाली बसून त्यांनी हात लावला. "भाऊ, पानी वरचं नाय. खालनं येतंय."

पाणी दुधट होतं. नितळ असतं तर मी एवढा घाबरलो नसतो. दुधट पाणी म्हणजे आतली शेडी धुऊन निघतेय, गडग्यामागे पोकळी होतेय. मी काकूंना आणि सुट्टीला आलेल्या सुनेला मागची खोली रिकामी करायला सांगितलं. पुढच्या पडवीत बसा, म्हटलं, स्वयंपाक आज शेजारी. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं आणि जिल्ह्यात दरडी कोसळल्या तेव्हापासून आमच्याकडे डोंगराचं नाव काढलं की कुणी वाद घालत नाही.

काकांचा आग्रह होता, ब्लॉक उचलून पायथ्याला लगेच चर खणू. मी ठाम नाही म्हटलं. फुगलेल्या गडग्याचा पाया भर पावसात उकरणं म्हणजे त्याच्या पायाखालचा आधारच काढून घेणं. त्या घडीला दोनच गोष्टी करायच्या होत्या: मागचं पाणी सोडायचं आणि पायथ्याला वजन द्यायचं.

गडग्यासमोर कुणी उभं राहायचं नाही असं ठरवून आम्ही कडेनं सुरुवात केली. फुगलेल्या भागापासून लांबच्या टोकाला, जमिनीपासून वीतभर वर, छिन्नी-हातोड्यानं दर्जा फोडला. तिसऱ्या घावाला पिचकारी सुटली, गवंडीदादांच्या छातीपर्यंत. एक एक भोक पाडत दोन्ही बाजूंनी मध्याकडे आलो. दुपारपर्यंत दोन ओळींत चौदा भोकं झाली. दर्जा भरायचे पैसे मी घेतले होते, तोच माझ्या हातानं फोडत होतो. एकेक भोक सुटलं की सांध्यांतली उकळी थोडी बसायची, ते डोळ्यांना दिसत होतं.

मग वाडीतली पोरं आली. बांधकामातला उरलेला डबर पुढच्या अंगणात पडला होता, तो घमेल्यांनी वाहून गडग्याच्या पायथ्याशी उतरता रचला. दगड वजनही देतो आणि पाणीही अडवत नाही, म्हणून मातीची पोती नकोत, डबरच हवा. मी चिरीवर तीन ठिकाणी पेन्सिलीनं आडव्या खुणा केल्या. संध्याकाळी पाच वाजता पुन्हा धो धो सुरू झाला. सहाला खुणा पाहिल्या, आठला पाहिल्या. चीर केसभरही वाढली नव्हती आणि भोकांतलं पाणी नितळ व्हायला लागलं होतं. त्या रात्री मी काकांच्या पडवीतच झोपलो, म्हणजे दर दोन तासांनी बॅटरी घेऊन उठलो.

पक्कं काम दिवाळीनंतर केलं, जमीन आवळल्यावर. फुगलेला भाग उतरवून पुन्हा रचला, मागे फूटभर खडी भरून. पायथ्याला दीड फूट खोल चर, पण एका वेळी दहा फूटच उघडायचा, भरायचा, मग पुढचे दहा. चरात जिओटेक्स्टाइल कापड, त्यात खडी, खडीत ११० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, आणि कापड वरून दुमडून घेतलेलं, म्हणजे शेडी आत शिरून खडी बुजवणार नाही. हा पाइप मी जाळीच्या गटाराला जोडला नाही. मोठ्या सरीत गटाराचं पाणी उलट त्यात शिरलं असतं. त्याला वेगळं तोंड दिलं, पऱ्याच्या काठावर, हाताला लागेल असं. गडग्याच्या भोकांना आतून बारीक जाळी बसवली, त्यामुळे काकूंची जनावरांची काळजीही मिटली. या कामाची मजुरी मी घेतली नाही. सामानाचे पैसे काकांनी माझ्या खिशात कोंबले.

पुढच्या जुलैत मी त्या तोंडाशी पंधरा लिटरची बादली लावली. वीस सेकंदांत भरली. ब्लॉक कोरडे पडले होते आणि गडगा जागेवर होता. काकांना तेव्हापासून नाद लागलाय. पडवीच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवतात: गणपतीत पन्नास सेकंद, दसऱ्याला अडीच मिनिटं. दिवाळीत काकू त्याच धारेखाली कळशी लावून पुढे तुळशीला पाणी घालत होत्या.