मागितलेलं मिळतं का?

मी ख्रिस्ती आहे हे कळलं की ऑफिसात आज ना उद्या प्रश्न येतोच: "माहीमच्या चर्चमध्ये नऊ बुधवार केले की मागितलेलं मिळतं म्हणे, खरं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही भायखळ्याचे मराठी प्रोटेस्टंट. नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा ओळीने करायची कॅथलिक प्रार्थना, आमच्यात नाही. पण १९४८ पासून तिथे दर बुधवारी नोव्हेना चालते, रांगेत सगळ्या धर्मांची माणसं असतात, बाहेर मेणाची घरं आणि मेणाचे हातपाय विकायला असतात. एवढ्यांच्या श्रद्धेला नावं ठेवणारी मी कोण?

माझ्यापुरतं विचाराल, तर मागितलेलं बऱ्याचदा मिळत नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी कसलीशी पीडा, निघावी म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा तसाच राहिला. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच उत्तर आलं. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत "हा प्याला टळो" म्हटलं, आणि लगेच "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको" असंही. प्याला म्हणजे समोर आलेलं मरण. ते काही टळलं नाही.

मग प्रार्थना रोज कशाला करायची? प्रभूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीला लागूनच एक अडचणीची ओळ आहे: आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. ऋण म्हणजे इथे अपराध. आता आमच्या वरच्या घरातल्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या छतात मुरतं. ओट्यावर पोपडे सुटलेत, पावसाळ्यात कुकरच्या झाकणावर पांढरा चुरा पडतो. वरचे म्हणतात, गळती आमची नाहीच. रात्री डोळे मिटून ती ओळ म्हणायची, आणि सकाळी जिन्यात तीच माणसं समोर! वर्षानुवर्षं म्हणून म्हणून एवढं झालंय की सोसायटीला पत्रं मी अजूनही लिहिते, पण त्यांच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असलं की टॅक्सी थांबवायला खाली मीच धावते. आध्यात्मिक वाढ म्हणतात ती माझी इतपतच. छत गळतंच आहे.

प्रार्थना नकोशी वाटते असेही दिवस येतात. तेव्हा मी बायबलमधलं तेरावं स्तोत्र काढते. देवा, कुठवर मला विसरून राहणार, अशी सुरुवातच तक्रारीची. सहाच वचनं आहेत. भायखळ्याला गाडीत चढलं की चिंचपोकळी यायच्या आत वाचून होतात.