ओला कचरा आवारातच जिरवताना: माझा अनुभव

आमची सोसायटी पुण्यातली, जुनी. चार तीनमजली इमारती, 64 सदनिका, रस्त्याच्या बाजूला पाच दुकानं. सचिव म्हणून कचऱ्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सभेत पहिला प्रश्न एकच होता: ओला कचरा आवारातच जिरवण्याचा नियम आपल्याला लागू आहे का? प्रत्येकाच्या तोंडी 100 किलो. 8 एप्रिल 2016 च्या घनकचरा नियमांत रोज सरासरी 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्याला मोठा कचरा उत्पादक म्हटलं होतं, आणि आमचा आकडा त्याच्या खाली होता. पण त्याच नियमांत दुसरी एक तरतूद होती, जी कोणी वाचत नसे. 5000 चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायचा. आमचा प्लॉट 5400 चौरस मीटरचा. प्रश्न मिटला.

1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत मोठा कचरा उत्पादक ठरवण्याचं मोजमाप बदललं आहे: 20,000 चौरस मीटर बांधकाम, किंवा रोज 40,000 लिटर पाणी, किंवा रोज 100 किलो कचरा. यातलं पाण्याचं कलम मधल्या आकाराच्या सोसायट्यांना गाठू शकतं. 64 घरं, घरटी चार माणसं, माणशी 135 लिटर धरलं तर 34,560 लिटर होतात. बाग आणि गाड्या धुण्याचं पाणी मिळवलं की 40,000 काही फार लांब नाही. मीटरचं रीडिंग काढून ठेवलेलं बरं.

कुठलंही यंत्र किंवा टाकी पाहायला जाण्याआधी सात दिवस कचरा तोलला. स्प्रिंगचा ताणकाटा, दोन रिकामे ड्रम आणि एक वही, एवढंच सामान. सरासरी निघाली ओला 31 किलो, सुका 14 किलो, डायपर-पॅड 3 किलो. दुकानांतल्या खाणावळीचा 22 किलो वेगळा. विक्रेते 'घरटी एक किलो' असा ठोकताळा लावून दुप्पट क्षमतेचं यंत्र सुचवतात, तेव्हा ही वही उपयोगी पडते. एक आठवडा पुरेसा नसतो हे मात्र नंतर कळलं. मे महिन्यात आंब्याच्या साली-कोयींनी ओला कचरा 40 किलोवर जातो, आणि गणपतीत निर्माल्य असतंच.

विजेवरचं यंत्र घेतलं नाही. त्यातून दुसऱ्या दिवशी निघतं ते खत नसतं, वाळवलेला चुरा असतो. पाणी लागलं की तो पुन्हा कुजायला लागतो. शिवाय विजेचं बिल आहेच. आम्ही विटांचे जाळीदार हौद बांधले, चार. प्रत्येकी 4 फूट लांब, 3 फूट रुंद, 3 फूट उंच, म्हणजे साधारण एक घनमीटर. रोज 31 किलो टाकला तरी ढीग खचत जातो, त्यामुळे एक हौद भरायला वीसएक दिवस लागतात. पहिला हौद पुन्हा रिकामा लागेपर्यंत त्याला साठ दिवस मिळतात. खत तयार व्हायला 40 ते 45 दिवस पुरतात. वरचे दिवस पावसाळ्यातल्या उशिरासाठी.

जागा ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या: दिवसभर सावली, जमिनीखालची पाण्याची टाकी जवळ नको, आणि तळाला एका बाजूला उतार. उताराच्या टोकाला पाइप, त्याखाली कॅन. गळणारं काळं पाणी दसपट पाण्यात मिसळून झाडांना घालतो. विटांच्या भोकांना आतून अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी लावली नाही, तर घुशी पहिल्याच महिन्यात येतात. वर पत्रा हवा, पण हवा खेळायला फूटभर फट ठेवून.

आता खरी गोष्ट पाल्याची, म्हणजे ओल शोषायला कचऱ्यात मिसळायच्या सुक्या पानांची. हौद कसे बांधायचे ते कोणीही सांगतं, पाला कुठून आणायचा ते कोणी सांगत नाही. आणि नव्वद टक्के तक्रारी, म्हणजे वास, अळ्या, चिलटं, या पाल्याच्या तुटवड्यातून येतात. हिशेब सोपा आहे. घरगुती ओल्या कचऱ्यात 80 टक्के पाणी असतं. 30 किलो कचऱ्यात 24 लिटर पाणी झालं. ढिगात ओल साठ टक्क्यांच्या आसपास हवी. कागदावर त्यासाठी रोज 12 किलो कोरडा पाला लागतो. कचरा आधी जाळीवर तासभर निथळू दिला, आणि तयार खत चाळताना चाळणीवर उरलेला जाडाभरडा चोथा पुन्हा ढिगात मिसळला, तर 6 किलोत भागतं. पण त्याखाली जाऊ नये.

उन्हाळ्यात 6 किलो सहज मिळतो. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे 120 दिवस, गुणिले 6, बरोबर 720 किलो. पायाने दाबून भरलेल्या मोठ्या पोत्यात चुरलेला पाला 12 किलो बसतो. म्हणजे 60 पोती, तीही कोरड्या जागेत, आणि पानगळीच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्येच भरून ठेवलेली. पहिल्या वर्षी आमच्याकडे होती 14. जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपली. त्यानंतर कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, दाबलेल्या विटा आणल्या. 5 किलोची एक वीट भिजली की सत्तरएक लिटर होते. काम झालं, पण खर्च अंगावर आला. पाला सुरमाड, रबर प्लांट असल्या जाड, मेणचट पानांचा नको, तो सहा महिने तसाच राहतो. बदाम, गुलमोहर, शिरीष चालतो. बदामाची पानं तेवढी चुरून घ्यावी.

रोजचा क्रम असा. निथळलेला कचरा पसरायचा, त्यावर पाल्याचा चार बोटं थर, वर मूठभर जुनं खत. भाजी दिसता कामा नये. दिसली की माशी बसली. दर आठवड्याला फावड्याने खालचं वर. ओल तपासायची ती मुठीत दाबून: दोन-चार थेंब निघाले तर ठीक, धार लागली तर पाला कमी, मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर पाणी शिंपडायचं. उष्णता तपासायला लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढायची. हातात धरवत नसेल तर ढीग साठ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, उत्तम. कोमट असेल तर एक तर ढीग लहान आहे किंवा हवा पोचत नाही. खतातून टोमॅटो-भोपळ्याची रोपं उगवली तर समजावं, ढीग पुरेसा तापला नव्हता.

वासावरून निदान होतं. डोळे चुरचुरणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, पाला वाढवा. कुजक्या अंड्यासारखा आला तर आत हवा नाही, लगेच उलथा. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की सदस्य फोन करतात. त्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात, त्रास देत नाहीत. पण पत्रक काढून समजावण्यापेक्षा दोन पोती पाला टाकणं सोपं. नारळाच्या करवंट्या-शेंड्या, मोठी हाडं आणि मक्याची अख्खी कणसं हौदात जात नाहीत. कोयी फोडूनच.

दुकानांचा कचरा या हौदांत घेतला नाही. खाणावळीची आमटी-रस्सा ढीग बुडवतो. हॉटेलांच्या ओल्या कचऱ्याची गाडी वेगळी असते, तिथेच तो जातो. सलूनवाल्याला ब्लेडसाठी घट्ट झाकणाचा डबा ठेवायला लावला. दवाखान्याचा कचरा तर घंटागाडीतही जायला नको. सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, आणि हे सगळं जैववैद्यकीय कचऱ्याच्या अधिकृत सुविधेकडे. घरातल्या इन्सुलिनच्या सुयांसाठीही जाड प्लास्टिकची बरणी आणि वर चिठ्ठी हवी. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका. सुका कचरा उचलणाऱ्या ताईंनी हात घालण्याआधी त्यांना ते कळायला हवं. फरशी फोडली की निघणारा राडारोडा यातल्या कशातच बसत नाही. काम काढणाऱ्या सभासदाकडून आधीच अनामत घेतो.

मिळकतकरातली सवलत शेवटी. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं, यातलं एक असेल तर 5 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के. यादीतला शब्द गांडूळखत आहे, म्हणून सर्वात जुन्या हौदात गांडुळं सोडली. ताज्या ढिगात सोडाल तर उष्णतेने मरतात; सळई पूर्ण थंड निघू लागली की मगच. अर्जासोबत सभेचा ठराव, फोटो आणि 64 सदनिकांचे मिळकत क्रमांक जोडले. पहिला अर्ज परत आला, कारण दोन क्रमांक आम्हीच चुकीचे लिहिले होते. पाहणीत हौद भरलेला आहे का, वास आहे का, खत दिसतं का, एवढं बघितलं. वजनाची वही आपणहून पुढे केली, तिने काम हलकं झालं. सवलत मिळाल्यावर हौद बंद पडला तर ती जाऊ शकते, वसुलीही होऊ शकते.

आता रोज 31 किलोतून महिन्याला दीडशे किलोच्या आसपास चाळलेलं खत निघतं. आमच्या बागेला त्याच्या निम्मंही लागत नाही. बाकीचं सभासदांना कुंड्यांसाठी देतो, पण एक अट घालून: खताची एक पिशवी न्यायची तर फेब्रुवारीत पाल्याचं एक पोतं भरून द्यायचं.