आधी कागद, मग गाडी : सांगलीतल्या आमच्या फर्मची वाटचाल

सांगली-मिरज रस्त्यावर आमचं जुन्या गाड्यांचं यार्ड आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ ते चालवतो, कागदपत्रांचं सगळं माझी पत्नी बघते. यार्डाच्या आधी गॅरेज होतं. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात ते टाकलं. पुढे मारुती ८०० आली आणि गॅरेजला येणारा माणूसच बदलला. शाळामास्तर, बँकेतले कारकून, तासगावकडचे द्राक्षबागायतदार गाडी घ्यायला लागले. नवी परवडत नसे म्हणून जुनी बघायची, आणि सौदा करण्याआधी ती आण्णांना दाखवायला आणायची. आण्णा बॉनेट उघडायचे, एक चक्कर मारायचे आणि "घ्या" नाहीतर "नको" एवढंच सांगायचे. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

आमचा धंदा त्या तपासणीतून उभा राहिला. लोक म्हणायला लागले, आण्णा, तुम्हीच गाडी बघून द्या, आम्ही कुठं शोधत बसू? २००४ च्या सुमारास आम्ही भावांनी गॅरेजच्या बाजूची मोकळी जागा भाड्यानं घेतली. तेव्हा सांगलीत जुन्या गाडीचा व्यवहार एजंटांच्या हातात होता. विकणाऱ्याला एक भाव, घेणाऱ्याला दुसरा, आणि मधला फरक किती हे दोघांनाही कळायचं नाही. आण्णांनी आम्हाला अट घातली : गाडीत जे तुम्हाला दिसलं ते घेणाऱ्यालाही दिसलं पाहिजे. म्हणून पहिल्या गाडीपासून आम्ही तपासणीचा कागद करतो. कुठला दरवाजा रंगवलाय, कुठला टायर संपलाय, क्लच किती राहिलाय, सगळं लिहून तो कागद पुढच्या काचेला आतून लावतो. सुरुवातीला ओळखीचे व्यापारी म्हणायचे, असं केलंत तर गिऱ्हाईक पळून जाईल. काही जण गेलेही. जे राहिले, त्यांची पोरं आता आमच्याकडे गाडी घ्यायला येतात.

सगळ्यात जास्त वाद गाडीच्या किमतीवर होतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

बरेच जण विम्याची पॉलिसी घेऊन येतात आणि त्यातली आयडीव्ही दाखवतात. "कंपनीनंच चार लाख लिहिलंय, मग तुम्ही कमी कसे सांगता?" आयडीव्ही ही विमा कंपनीनं जास्तीत जास्त किती भरपाई द्यायची याची मर्यादा आहे. ती वयाच्या ठरावीक तक्त्यावरून काढतात : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घसारा, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. हा तक्ता सगळ्या गाड्यांना एकच. बाजार मात्र प्रत्येक गाडीला वेगळा तक्ता लावतो. नीट सांभाळलेली पाच वर्षांची स्विफ्ट आमच्या भागात निम्म्याहून बऱ्याच वरच्या भावाला जाते. तेवढ्याच वयाची मोठी परदेशी सेडान निम्म्यालाही कोणी विचारत नाही, कारण तिचा एक हेडलॅम्प बदलायचा म्हटलं तरी खिसा रिकामा होतो.

आम्ही भाव उलट्या बाजूनं काढतो. ही गाडी तयार करून यार्डात उभी केली तर आज किती रुपयांना जाईल, हे आधी ठरवायचं. समजा साडेचार लाख. चार टायर, दोन पॅनेलचं रंगकाम आणि सर्व्हिसिंग मिळून ३२ हजार लागणार. ट्रान्सफर, जागेचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज धरून आठेक हजार. जीएसटी खरेदी-विक्रीच्या फरकावर १८ टक्के. दुरुस्तीचा खर्च त्या फरकातून वजा धरता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. तर ही गाडी आम्ही ३ लाख ८० हजारांना घेतली, तर ७० हजारांच्या फरकातले (कर त्या फरकातच धरलेला असतो) साधारण पावणेअकरा हजार करात जातात आणि सगळं जाऊन आमच्या हातात वीस हजारांच्या आत उरतात. हा हिशेब आम्ही विकणाऱ्यासमोर कागदावर मांडतो. त्याला पटलं नाही तर तो दुसरीकडे विचारून येतो, आणि त्यानं तसं जरूर करावं.

आमच्या भागाच्या भावाला ऋतू असतो. उसाचं बिल जमा झालं की बोलेरोला मागणी येते, बेदाणा विकला गेला की तासगाव-कवठेमहांकाळकडची माणसं येतात. दसरा-पाडव्याला भाव चढे असतात, पितृपंधरवड्यात कोणी सौदा करत नाही. घाई नसेल तर घेणाऱ्यानं पितृपंधरवड्यात येऊन बघावं आणि विकणाऱ्यानं दसऱ्याच्या आधी आणावं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तेव्हापासून चांगल्या राखलेल्या डिझेल स्विफ्टला शेतकरी शोधत येतात.

मीटरवर आम्ही भाव ठरवत नाही. मीटर मागं करणं सोपं आहे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड हे बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढा. टायरवर चार आकडे असतात : २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ ची, पळाली वीस हजार सांगतात आणि चारही टायर २०२२ चे आहेत, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. दरवाजांच्या काचांवरही बनावटीच्या वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल, तर त्या बाजूला काय झालं होतं ते शोधा. बॉनेट उघडून पुढचे एप्रन, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचा पत्रा, आणि वेल्डिंगचे ठिपके बघा. कारखान्यातला ठिपका एकसारखा असतो, गॅरेजमधला कधीच तसा येत नाही. दरवाजा बदललेला चालतो. पिलर, म्हणजे छत धरणारा खांब, कापलेला असेल तर आम्ही ती गाडी घेत नाही, कितीही स्वस्त मिळो.

आता पुराबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आठवडाभर गावभागात आणि गावठाणात गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर आमचं गॅरेज रात्रंदिवस चालू होतं. गाडी पाण्यात असताना किंवा पाणी आत गेल्यावर चालू करू नका, असं आम्ही फोनवर सांगत होतो. इंजिनात पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, पण गाडी भंगारात जातेच असं नाही. ती लिलावात विकली जाते, कोणीतरी धुऊन-पुसून चकाचक करतं आणि ती दूरच्या गावात स्वस्तात मिळणारी फर्स्ट ओनर गाडी होऊन उभी राहते. चार-सहा महिने चालतेही. मग वायरिंगच्या जोडांना हिरवट गंज चढतो, एअरबॅगचा दिवा लागतो, पॉवर विंडो आपोआप खाली जाते. कुटुंबाला घेऊन घाटात जाणाऱ्या माणसाच्या हातात अशी गाडी देणं हे आमच्या दृष्टीनं पाप आहे. त्या दोन्ही पुरांनंतर आम्हाला अशा गाड्या भरपूर आणि अगदी कमी भावात देऊ केल्या गेल्या. आम्ही एकही घेतली नाही आणि पुढंही घेणार नाही.

ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी कितीही धुतली तरी त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीखालचा खड्डा, फ्यूज बॉक्सचे कोपरे, मॅटिंगखालचा फोम हाताने दाबून बघा. काचा बंद करून गाडी दुपारभर उन्हात ठेवा आणि मग दार उघडून वास घ्या. विम्याचे जुने क्लेमही तपासा. विकणारा पॉलिसीचे कागद द्यायला टाळाटाळ करत असेल, तर गाडी कितीही आवडली तरी उठून या.

कागदांबाबत माझी पत्नी आमच्यापेक्षा कडक आहे. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर मालक कितवा, बोजा आहे का, पासिंग आणि विमा कधीपर्यंत, हे बघितल्याशिवाय ती इसार द्यायला देत नाही. ई-चलन भरलेली पाहिजेत. बँकेचं कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन तो उतरवून घ्यावा लागतो. दिल्लीकडच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून बंधनं आली. पण आरटीओचं एनओसी, इथला कर आणि एमएच नंबरचा खर्च धरून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा.

विकणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, सही करून चावी देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर चढली, हे स्वतः बघा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. गाडी चार हातांतून फिरून कुठंतरी अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनी हे थोडं सोपं झालं. अधिकृत डीलरकडे गाडी दिली की फॉर्म २९ सी मधून आरटीओला कळवलं जातं आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरवर येते. आम्ही अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र घेतलं आहे आणि ते टेबलामागच्या भिंतीवर लावलं आहे. कुठल्याही यार्डात गेलात तर ते दाखवा म्हणा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नसतो. गाडी विकताना त्याचं पत्र घेऊन ठेवा, नव्या गाडीच्या विम्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते.

मोठ्या ऑनलाइन कंपन्या आल्या तेव्हा आम्ही टिकू का, अशी धास्ती होती. त्यांनी घरबसल्या भाव सांगायची सवय लावली, हे चांगलंच झालं. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतोच. यार्डातल्या लहान गाड्यांचे कागद आम्ही त्या आठवड्यात नव्या भावानं लिहिले आणि इसार देऊन ठेवलेल्या गिऱ्हाइकांनाही तोच उतरलेला भाव लावला.

भावाचा मुलगा डिप्लोमा करून आता यार्डात यायला लागलाय आणि इलेक्ट्रिक गाड्या शिकतोय. त्यांच्यात बघायची मुख्य गोष्ट बॅटरी. तिच्यावर कंपन्या साधारण आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. ती दुसऱ्या मालकाला किती लागू राहते, हे कंपनीकडून लेखी मागायचं आणि बॅटरीचा अहवाल सर्व्हिस सेंटरमधूनच काढायचा. सध्या आम्ही ईव्ही स्वतःच्या पैशानं विकत घेत नाही. मालकाच्या वतीनं यार्डात उभी करतो, अहवाल काचेला लावतो आणि कमिशनवर विकून देतो.