एमएक्स-५ पासून लोकॉस्ट: मागचं डिफ, स्प्रिंगा आणि ब्रेक

गाडीची सद्यस्थिती: चेसिस पूर्ण वेल्ड झाली आहे. पुढचे-मागचे विशबोन (चाक चेसिसला जोडणारे त्रिकोणी हात) लागले आहेत, इंजिन आणि गिअरबॉक्स नुसत्या टॅक मारलेल्या, म्हणजे ठिपक्याठिपक्यानं तात्पुरत्या वेल्ड केलेल्या, ब्रॅकेटांवर बसले आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला अजून हात लावलेला नाही आणि इतक्यात लावायचाही नाही. डोनर, म्हणजे जिचे सुटे भाग वापरायचे ती गाडी, आहे पहिल्या पिढीची १.६ लिटरची माझदा एमएक्स-५. काम इंग्लंडात चाललंय, त्यामुळे शेवटी आयव्हीए, म्हणजे घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची सरकारी तपासणी, आहेच.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. लोकॉस्ट म्हणजे १९५७ च्या लोटस सेव्हनच्या मांडणीवर घरच्या गॅरेजात बांधलेली गाडी. सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमकडे गेले आणि ती गाडी आजही नवी मिळते. लोकॉस्टवाले तोच आराखडा चौकोनी पाइप आणि भंगारातल्या गाडीचे सुटे भाग वापरून उभा करतात. पूर्वी डोनर म्हटलं की फोर्ड एस्कॉर्ट मार्क २ ठरलेली. तिचे भाव आता कुठल्या कुठे गेले. एमएक्स-५ चे सिल (दाराखालचा पत्रा) आणि मागच्या चाकांवरचा पत्रा गंजून गाडी बाद होते, पण इंजिन, गिअरबॉक्स, हब आणि डिफ (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल) ठणठणीत असतात, म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

एस्कॉर्टमध्ये एक भाग एक काम करायचा. एमएक्स-५ मध्ये तसं नाही. वजन कमी करायला एखादी वस्तू काढून टाकली की नंतर कळतं, ती गुपचूप आणखी एक काम करत होती. यावेळच्या नोंदीतल्या बहुतेक अडचणी याच जातीच्या आहेत.

चेसिसबद्दल थोडक्यात. २५ × २५ मिमी, १.६ मिमी जाडीचा ईआरडब्ल्यू (शिवणीवर वेल्ड केलेला) चौकोनी पाइप, मिग वेल्डिंग. सगळे सांधे आधी फक्त टॅक करायचे, कर्ण मोजायचे, मगच पूर्ण वेल्ड. तेही एका बाजूनं सलग नव्हे, समोरासमोरचे सांधे आलटून पालटून. टेबलावरून सोडवल्यावर खालच्या चौकटीचे दोन कर्ण २ मिमीच्या आत जुळले तर पुढे जायचं. विशबोनची ब्रॅकेटं मात्र चेसिस थंड झाल्यावर, ओळंबा सोडून, जमिनीवर आखलेल्या मध्यरेषेवरून लावायची. पाइपाच्या कडेवरून माप घेतलं तर वेल्डिंगनं आलेला बाक थेट चाकांच्या कोनात उतरतो.

डिफचं नाक

एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सची शेपटी आणि डिफचं नाक यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी असते, पॉवर प्लांट फ्रेम. सेव्हनच्या दोन सीटांमधल्या अरुंद बोगद्यात ती मावत नाही, शिवाय व्हीलबेस वेगळा, त्यामुळे बहुतेक जण ती काढतात. काढली की दोन गोष्टी एकदम उघड्या पडतात. गिअरबॉक्सला मागे नेहमीचं माउंटच नाही, आणि डिफ मागच्या दोन बुशांवर झुलतंय, त्याचं नाक धरायला कोणी नाही.

नाकावर जोर किती येतो ते काढून बघा. इंजिनचा टॉर्क साधारण १३७ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.१३६, फायनल ड्राइव्ह ४.३. गुणाकार केला की चाकांकडे जाणारा टॉर्क सुमारे १,८५० न्यूटन-मीटर. तेवढाच टॉर्क उलट्या दिशेनं डिफच्या घरावर येतो आणि नाक वर उचलतो. मागचे बुश आणि नाकाचे बोल्ट यांत ३०० मिमी अंतर धरलं तर नाकावरचा जोर होतो ६.२ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ६३० किलो. तोही सावकाश क्लच सोडला तर. मूळ गाडीत हाच टॉर्क त्या पट्टीतून पार इंजिन माउंटपर्यंत जायचा. तरफ लांब असल्यामुळे प्रत्येक माउंटवर जोर थोडाच यायचा.

आता ही नेहमी दिसणारी रचना घ्या: डिफच्या नाकावर एक आडवा २५ × २५ चा पाइप, त्याच्या मधोमध ब्रॅकेट. पाइपाची लांबी ४०० मिमी असेल तर मधल्या बिंदूवरच्या ६.२ किलोन्यूटननं, टोकं नुसती टेकलेली धरली तर, ताण येतो ५६५ मेगापास्कल. टोकं पक्की धरली तरी २८० च्या वर. साधं माइल्ड स्टील २३५ च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणून हे पाइप वाकतात, किंवा वेल्डच्या काठाला, जिथे उष्णतेनं धातू बदललेला असतो तिथे, बारीक केसासारखी चीर पडते. रंगाखाली ती दिसतही नाही. आधी रंग उडतो, मग गंजाची रेघ दिसते.

इथे केलेला उपाय: पट्टी ज्या दोन भोकांत बसायची त्याच भोकांतून दोन उभे बोल्ट, खाली-वर ५ मिमी प्लेट, आणि प्लेटच्या दोन्ही टोकांना बुश. बुश पाइपाच्या मध्यावर नाहीत, उभ्या आणि तिरप्या पाइपांच्या सांध्यापासून ४० मिमीच्या आत आहेत. त्यामुळे पाइपावर वाक येत नाही, ओढ आणि दाब येतो, आणि पातळ पाइपाला तेच झेपतं. बुश पॉलियुरेथेनचे, कडकपणा ८० ते ९० शोर ए. पोलादी स्पेसर घालून घट्ट आवळलं तर डिफचा सूर सीटच्या पाठीतून डोक्यात घुसतो. रबर मऊ असलं तर नाक वर-खाली होतं आणि प्रॉपशाफ्टचा (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतच्या दांड्याचा) कोन बदलून घरघर सुरू होते. प्लेटची भोकं शेवटी ड्रिल करायची, डिफ जागेवर ठेवून. आधी केली तर बोल्ट आवळताना डिफच्या कानांवर आडवा ताण बसतो.

गिअरबॉक्सचं ब्रॅकेट त्याच पट्टीच्या बोल्टांवर बेतलं आहे, खाली रबर माउंट. क्रँकची रेषा आणि पिनियनची रेषा समांतर हव्यात, फरक एका अंशाच्या आत. यूजेचा (प्रॉपशाफ्टच्या टोकाच्या युनिव्हर्सल जॉइंटचा) चालता कोन १ ते ३ अंश. शून्य अंश हाही दोषच, कारण मग यूजेच्या सुया एकाच जागी राहून खाच पाडतात. प्रॉपशाफ्ट कापायला देताना गाडी वजनावर उभी करून माप घ्यावं, आणि सरकणाऱ्या योकला आत जायला २० ते २५ मिमी जागा ठेवावी. मूळचे यूजे ठोकून बंद केलेले असतात, बदलता येत नाहीत. कापताय तर सर्क्लिपवाले घालून घ्या.

स्प्रिंग कशी ठरवायची

कुठली स्प्रिंग घ्यावी, याला ‘सगळे १८० (पाउंड प्रति इंच) वापरतात’ हे उत्तर नव्हे. आधी मोशन रेशो मोजा, म्हणजे चाक जितकं हलतं त्याच्या किती पट डॅम्पर दबतो ते. डॅम्परवरची स्प्रिंग काढा, चाक १० मिमीच्या टप्प्यांनी जॅकवर उचला आणि प्रत्येक टप्प्याला डॅम्परच्या दोन बोल्टांमधलं अंतर लिहून ठेवा. या गाडीत पुढे चाक ५० मिमी वर गेलं की डॅम्पर ३२.५ मिमी दबतो. रेशो ०.६५.

चालकासकट वजन ६८० किलो धरलंय, पुढे ३२०, मागे ३६०. पुढच्या एका चाकावर १६०, त्यातून चाक, हब, डिस्क, कॅलिपर वगैरे ३० किलो वजा. उरले १३०. रस्त्यावरच्या गाडीला पुढे १.६ हर्ट्‌झ कंपन ठीक. त्यासाठी चाकापाशी लागणारा कडकपणा येतो १३.१ न्यूटन प्रति मिमी. त्याला रेशोच्या वर्गानं, म्हणजे ०.४२२५ नं, भागलं की स्प्रिंग ३१ न्यूटन प्रति मिमी. ब्रिटनमध्ये स्प्रिंगा पाउंड प्रति इंचात विकतात. १७७ आले, १७५ ची घेतली. उभ्या गाडीत ती ६४ मिमी दबते, त्यामुळे चाक पूर्ण खाली लोंबलं तरी स्प्रिंग सैल होऊन खडखडणार नाही.

वर्ग आहे म्हणून मापातली चूक महागात पडते. रेशो ०.६५ ऐवजी ०.६० निघाला असता तर तीच गाडी २०८ मागते. विशबोनवर डॅम्परची ब्रॅकेट दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवून वेल्ड केली की एवढा फरक सहज पडतो, आणि मग माणसं डॅम्परच्या नॉबशी खेळत बसतात. मागे रेशो ०.८०, कंपन १.७५ हर्ट्‌झ, चाकावर वजा जाता १४५ किलो. उत्तर १५६, घेतली १५०.

बंप स्टिअर

चाक वर-खाली होताना आपोआप वळतं, तो हा दोष. स्प्रिंगा काढलेल्याच आहेत तेव्हा हेही उरकायचं. स्टिअरिंगचा रॅक मध्यावर लॉक, हबवर सपाट प्लेट, दोन डायल गेज, चाक अधल्यामधल्या जागेपासून ४० मिमी वर आणि ४० मिमी खाली. टो (वरून पाहिल्यावर चाकाचा आत-बाहेरचा कल) अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त बदलू नये. आलेख काढलात तर दोष कुठला ते तोच सांगतो. रेघ सरळ पण तिरपी, म्हणजे वर जाताना टो एका दिशेला आणि खाली जाताना विरुद्ध दिशेला जात असेल, तर रॅकची उंची चुकली. शिम (पातळ चकती) घाला किंवा काढा. रेघ कमानीसारखी, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे टो एकाच दिशेला जात असेल, तर टाय रॉडची लांबी चुकली, म्हणजे रॅक जास्त रुंद किंवा जास्त अरुंद. उंची शिमनं सुटते, रुंदी सुटत नाही. विशबोन ज्या बिंदूंभोवती फिरतात ते आणि रॅकचे आतले बॉल जॉइंट यांची ओळ जमली पाहिजे. त्यासाठी रॅक कापून पुन्हा जोडण्याचा धंदा करू नका, दुसरा रॅक शोधा.

ब्रेक

पायाच्या जोराला मदत करणारा सर्वो काढला. मूळ मास्टर सिलिंडर ७/८ इंची, सर्वोच्या मदतीवर बेतलेला. पायाचा जोर ३०० न्यूटन, पेडलची तरफ ५:१, तर त्यातून मिळतात ३९ बार. ३/४ इंचीत तेवढ्याच जोरावर ५३ बार, म्हणजे ३६ टक्के जास्त. किंमत एवढीच की पेडलही तेवढंच जास्त आत जातं, म्हणून पेडल बॉक्सची प्लेट लवचीक असून चालत नाही. ३ मिमी, मागे पट्टी वेल्ड केलेली.

०.९ जीला ब्रेक मारल्यावर सुमारे १२० किलो वजन पुढे सरकतं: गुरुत्वमध्य ४५० मिमीवर, व्हीलबेस २.३ मीटर. म्हणजे पुढे ४४०, मागे २४०, ६५:३५. आयव्हीएत पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. डोनरचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावला म्हणजे हे आपोआप जमेल असं धरू नका. तो ठरावीक दाबानंतरच मागचा दाब रोखतो, आणि इतकी हलकी गाडी त्या दाबापर्यंत पोचण्याआधीच लॉक होऊ शकते. मग व्हॉल्व्ह नुसता शोभेचा.

पाइप ३/१६ इंची कॉपर-निकेल, दर ३०० मिमीच्या आत क्लिप. माझदाचे नट एम१० × १, पण फ्लेअर (पाइपाचं पसरवलेलं टोक) दुहेरी दुमडलेला. जर्मन पद्धतीचा एकेरी फुगा केला तर नट बसतो, आवळतो, आणि पाझरतो.

पेडल लांब जात असेल तर पुन्हा पुन्हा हवा काढण्याआधी मागचे कॅलिपर बघा. हँडब्रेकची यंत्रणा त्यांच्यात आहे. मागच्या बाजूचा १४ मिमीचा बोल्ट काढला की आत ४ मिमी अ‍ॅलनचा स्क्रू दिसतो. डिस्क अडकेपर्यंत आवळायचा, मग एक तृतीयांश फेरा सैल. हँडब्रेकची केबल त्यानंतर. आधी केबल ओढून घेतली तर पॅडमधली फट तशीच राहते.

वायरिंग, पाणी

लूम (गाडीच्या तारांचा जुडगा) आणि हीटर छाटताना दोन खोडे. १.६ मध्ये पेट्रोल पंपाचा रिले एअरफ्लो मीटरच्या झडपेतल्या स्विचवर चालतो. नवा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) घालून मीटर काढलं की स्टार्टर मारताना इंजिन फडफडतं आणि बंद पडतं. पंपाचं नियंत्रण नव्या ईसीयूच्या आउटपुटवर घ्या. तात्पुरतं तपासायला डायग्नोसिस बॉक्समध्ये एफपी आणि ग्राउंड जोडले की पंप चालतो. दुसरं, हीटर काढला तर त्याचे होस बंद करू नका, एकमेकांना जोडा. हेडच्या मागच्या टोकाचं पाणी त्याच वाटेनं पंपाकडे परत येतं. वाट बुजवली की चौथा सिलिंडर तापतो. गाडीचं नाक बसकं असल्यामुळे रेडिएटर हेडच्या खाली राहतो, त्यासाठी हेडर टँक (पाणी भरायची टाकी) सगळ्यात उंच जागी.

हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर आहे. बल्कहेड त्याला चिकटवून वेल्ड करण्याआधी तो काढता येतोय का बघा, कारण त्याची ओ-रिंग गळतेच, आणि तेल बेलहाउसिंगवर उतरल्यामुळे लोक क्रँकचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवतात. टायमिंग लावताना डायग्नोसिस बॉक्समधले टीईएन आणि ग्राउंड जोडून १० अंश बीटीडीसी, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी.

भारतातून विचारणा होते म्हणून: पाइप, वेल्डर, लेथवाला, सगळं पुण्यात किंवा कोल्हापुरात इंग्लंडपेक्षा स्वस्त आणि हाताशी मिळेल. अडतं नोंदणीपाशी. ब्रिटनच्या आयव्हीएसारखी घरगुती गाडीची सोपी वाट भारतात नाही. आणि जुन्या गाडीच्या आरसीवर हे खपवायचं म्हटलं तर गाडीच्या मूळ बनावटीत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आडवा येतो. ट्रॅक किंवा खासगी आवार, एवढंच.

पुढचं काम: कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे कललेला कोन) ५.५ अंशावर लावणं, कारण आयव्हीएत स्टिअरिंग सोडल्यावर चाकं आपसूक सरळ यायला हवीत आणि हलक्या गाड्या तिथेच अडकतात. त्यानंतर एग्झॉस्ट. मर्यादा ९९ डेसिबल, मोजमाप कमाल ताकदीच्या आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर, म्हणजे या इंजिनाला ४,८७५ ला. सायलेन्सर बाजूनं जाणार असल्यामुळे त्याची लांबी मडगार्डच्या आधी ठरवावी लागेल, आणि बाहेरच्या सगळ्या ब्रॅकेटांच्या कडांना २.५ मिमी गोलाई कानशीनं आत्ताच, रंगाच्या आधी.