व्यवहार फिसकटला, तरी दलाली मागितली

कोथरूडचा आमचा जुना फ्लॅट ८० लाखांना ठरला, १ लाख विसार (आगाऊ रक्कम) घेतला, आणि पार्टीच्या, म्हणजे खरेदीदाराच्या, बँकेने भोगवटापत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) नाही म्हणून कर्ज नाकारलं. आठवड्याने एजंटाचा मेसेज आला: दोन टक्क्यांप्रमाणे १ लाख ६० हजार. म्हणे, पार्टी आणली तिथेच त्याचं काम संपलं.

अशा वेळी फोनवर हुज्जत घालू नये. जे बोलायचं ते लेखी. मी आधी विसार पावती काढली. खाली सह्यांच्या वर एक ओळ होती: ‘दलाली साठेखत नोंदणीच्या दिवशी देय.’ साठेखत, म्हणजे पक्क्या खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, झालंच नव्हतं. अशी ओळ नसेल, तर करार कायदा १८७२ चं कलम २१९ बघावं: वेगळं काही ठरलेलं नसेल तर एजंटाचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. खरी मारामारी ‘काम’ म्हणजे काय यावर होते, पार्टी आणून देणं की व्यवहार तडीस नेणं. म्हणून ती ओळ हवीच.

आमची दुखरी बाजूही सांगतो. कागद अपुरे होते ते आमचे, पार्टीचे नव्हेत. ‘तुमच्यामुळे मोडलं’ असं एजंट म्हणू शकला असता, आणि त्यात दम होता. वाचवलं ते फ्लॅट दाखवायला दिला त्या दिवशीच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजने: ‘सोसायटीला भोगवटापत्र मिळालेलं नाही, पार्टीला आधी सांगा.’ खाली एजंटाचा अंगठा. जास्त भाव मिळतोय म्हणून मीच माघार घेतली असती, तर मात्र दलाली टाळणं अवघड होतं, आणि खरं तर टाळूही नये.

तो मेसेज, पावती आणि बँकेचं पत्र जोडून दीड पानाचं उत्तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं. महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाची) धमकी कुणी द्यायची नाही आणि कुणी घ्यायची नाही. तिथली एजंट नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांसाठी असते, आमची इमारत त्याच्या कितीतरी आधीची. एजंटाला पैसे हवेत तर दिवाणी दावा लावावा लागतो. उलट दलाली आधीच देऊन बसला असाल आणि सेवेत खोट असेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षं.

विसार थेट आमच्या खात्यात आला होता, हे फार बरं झालं. एजंटाच्या खात्यात असता तर त्यातूनच दलाली कापून घेतली गेली असती. परत करताना बँकेतूनच केला, आणि पार्टीकडून ‘विसार रद्द, रक्कम पोचली, येणं-देणं बाकी नाही’ असं सहीनिशी लिहून घेतलं. साठेखत नोंदलं असतं तर एवढ्यावर भागलं नसतं. रद्दलेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्क परत मागायला मुदत असते.

एजंटाचं उत्तर आलं नाही. आता दुसऱ्या एजंटाशी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून घेतलंय: किती टक्के, कधी देय, कर्ज नाकारलं गेलं तर शून्य.